उजनी किती झाली?

सोलापूर जिल्ह्यात फेब्रुवारी उजाडला की दोन माणसं भेटल्यावर एक प्रश्न हमखास निघतो, "उजनी किती झाली?" उत्तर टक्क्यांत येतं. साठ, पंचेचाळीस, तेवीस. पुढं पुढं ते शून्याच्याही खाली जातं आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र उणे तीस टक्के पाणी म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागतं. भीमेवरच्या या धरणात साधारण 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृत साठ्यात धरलेलं. वरचं 53-54 टीएमसी काय ते उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती या वरच्या पाण्याची. ते संपलं की मृत साठ्यातून उपसा सुरू होतो आणि आकड्याआधी वजाचं चिन्ह लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे साठाच्या घरात गेला होता.

मी पुण्याची. माझा ऊस नाही, शेत नाही, सोलापुरात नळ नाही. तरी हिवाळा सरायला लागला की वर्तमानपत्रात उजनीचा आकडा मीही शोधते. उजनीच्या काठच्या भिगवणला पक्षी बघायला कधी जायचं ते कॅलेंडर सांगत नाही, हा आकडा सांगतो.

त्याचं कारण अगदी साधं आहे. रोहित, ज्याला आता गावातली पोरंसुद्धा फ्लेमिंगोच म्हणतात, तो उंचीला चार-साडेचार फूट. पाय लांब असले तरी त्याचं अन्न तळाच्या गाळात असतं. धरण तुडुंब असतं तेव्हा काठावरच्या बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात आणि त्यांच्या पलीकडं एकदम खोल. पाणकावळे, वारकरी, डुबक्या मारणारी टिबुकली यांची तिथं चैन असते. चिखलात चालून पोट भरणाऱ्यांना पाय टेकायला जागा नसते. पाऊस लांबला, धरण दिवाळीनंतरही काठोकाठ राहिलं, की त्या साली रोहित उशिरा येतात. मग कालव्यांना आवर्तन सुटतं, सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत पाणी सोडतात, बोगद्यातून काही सीनेकडं वळतं. काठ रोज थोडा मागं सरकतो, ओला गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळावर माणसाच्या पोटरीइतकं पाणी उरतं. रोहिताला हवं असतं ते एवढंच. म्हणजे भिगवणच्या पक्ष्यांचं ताट कधी वाढायचं ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि पक्ष्यांचा विषय त्या बैठकीत निघण्याचं काही कारणही नसतं.

लोक भिगवणला "पक्षी अभयारण्य" म्हणून जातात आणि कमान, तिकीटखिडकी, मनोरा शोधत बसतात. ती नांदूर मधमेश्वरची सवय. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पाणथळ 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, आणि तिथली व्यवस्थाही तशी आहे. भिगवणचं सगळं निराळं. इथं एक सिंचनाचं धरण आहे, 1980 साली पुरं झालेलं, आणि त्याच्या भिंतीमागं इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा, माढा अशा पाच तालुक्यांत पसरलेलं फुगवट्याचं पाणी. भीमेचं खोरं या भागात सपाट, त्यामुळं पाणी खोल जाण्याऐवजी आडवं पसरलं. गावं उठली, पिकाऊ काळी जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ अजून पाण्यात उभं आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं आणि बघायला जत्रा लोटते. रोहित जिथं चरतात तिथं पूर्वी कुणाचं तरी जोंधळ्याचं रान होतं, ही गोष्ट भिगवणजवळच्या कुंभारगावात नावेत बसण्याआधी आठवलेली बरी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी भाची पहाटे अंधारातच निघालो. सोलापूर रस्त्याचं वर्णन करावं असं काही नाही. हडपसर सुटलं की लोणी काळभोर, उरुळी, यवत, चौफुला, पाटस. कुरकुंभला औद्योगिक वसाहतीचा रसायनाचा भपका काच बंद असली तरी आत येतो आणि झोपलेलं माणूस उठून बसतं. तिथून पुढं उसाच्या ट्रॉल्या. गाळप हंगाम संपत आलेला असतो, म्हणून घाई जास्त. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, आणि पुढून गाण्यांचा दणका. भिगवणला पोचेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटलं होतं. तक्रारवाडी, डिकसळ करत कुंभारगावात उतरलो तेव्हा काठावर चहाची किटली तापत होती आणि अंगावर शाल लागत होती.

नावाडी आधी ठरवून ठेवले होते. साठीच्या पुढचे, अंगानं काटक. मी त्यांना मामा म्हणते. धरणावर मासेमारी करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि पक्षी दाखवण्याचा धंदा उतारवयात हाती आला. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "चाळिसावर आलीया. औंदा पाणी लई दिवस ठरलं, पाखरू उशिरा आलं. पर आता आलंय बघा."

पाणी मागं सरकल्यामुळं नाव नेहमीच्या जागेहून पुष्कळ खाली लागली होती. तिथवर जायचं म्हणजे वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळावरून, मग ओल्या गाळावरून, आणि शेवटी चपला हातात घेऊन. भाचीचा पाय घोट्याच्या वर रुतला. मामांनी तिला हात दिला आणि म्हणाले, "ह्यो गाळ न्हवं पोरी, ह्ये पाखराचं कोठार हाय." बोलणं खरं होतं. त्या काळ्या लगद्यात अळ्या, किडे, शिंपले, बारीक कवचाचे जीव आणि शेवाळ ठासून भरलेलं असतं. कोरडी जमीन आणि खोल पाणी यांच्या मधली ही पट्टी रोज जागा बदलते, आणि पाणपक्ष्यांची बहुतेक गर्दी तिच्यावरच असते.

त्या पट्टीवर पहिल्यांदा भेटले शेकाट्या. काळे पंख, पांढरं अंग आणि न शोभतील इतके लांब गुलाबी पाय. काठाकाठानं ते टोचत चालले होते. त्यांच्यात तुतवार, शेपूट हलवणारे धोबी, आणि थोडे पलीकडं सरळ लांब चोचीचे पाणटिवळे. सरत्या हिवाळ्यात येण्याचा फायदा इथं कळतो. डिसेंबरात हे चिखले पक्षी सगळे राखाडी-करडे असतात. पुस्तक उघडून कितीही बघितलं तरी एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही आणि नवशिक्या माणसाची चिडचिड होते. फेब्रुवारी संपता संपता त्यांच्या अंगावर विणीचा रंग चढायला लागतो. काही पाणटिवळ्यांच्या मानेवर आणि छातीवर विटकरी छटा आली होती, काही अजून तसेच फिके. पिवळ्या धोब्यांची पोटं उजळली होती. कुरवांचंही तसंच. हिवाळाभर त्यांच्या कानामागं एक काळपट ठिपका तेवढा असतो. आता तपकिरी डोक्याच्या कुरवांना नावाप्रमाणं डोकी यायला लागली होती, कुणाची अर्धी, कुणाची पुरी. घरी परतायची तयारी या पक्ष्यांच्या अंगावर अशी दिसते.

मामांनी इंजिन चालू केलं. पाण्यावर धुकं नव्हतं, नुसता गारवा होता. मधल्या खोल भागात वारकऱ्यांचे थवे, काळे, कपाळावर पांढरा टिळा. नाव जवळ गेली की ते पाण्यावर धावत सुटतात, उडतील असं वाटतं आणि बहुधा उडत नाहीत. बदकं मात्र सावध. थापट्या आपली रुंद चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत होते. तलवार बदकांच्या नरांची टोकदार शेपटी लांबूनही ओळखू येते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेली हळदीकुंकू बदकं जोडीजोडीनं होती. ती इथलीच, त्यांना कुठं जायचं नसतं. भुवईवर पांढरी पट्टी ओढलेली भुवई बदकं या दिवसांत दक्षिणेकडून परत फिरतात आणि वाटेत अशा पाण्यावर थांबतात. भाचीला सगळ्यांत आवडले चक्रवाक. केशरी अंग, फिकं डोकं, आणि उडताना आँग् आँग् असा रडवेला आवाज. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दुरावते, ही काव्यातली गोष्ट तिला मी सांगितली. तिनं दुर्बीण लावून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हे तर सहा आहेत." काव्यातली गोष्ट तिथंच संपली.

रोहितांचा थवा दिसला तो आधी एका फिक्या रेघेसारखा, पाणी आणि आभाळाच्या मध्ये. मामांनी इंजिन बंद केलं, बांबू हातात घेतला आणि नाव ढकलायला लागले. अंतर बरंच होतं तरी ते म्हणाले, "हितं थांबू. ह्याच्या म्होरं गेलं तर उडत्याल." मला त्यांचं हे थांबणं फार मोलाचं वाटतं, आणि ते का, ते पुढं सांगते.

शेकड्यांनी असावेत. बहुतेकांची डोकी पाण्यात. रोहित जेवतो तो डोकं उलटं करून. वरची चोच खाली आणि खालची वर. जीभ आत दट्ट्याप्रमाणं मागंपुढं होत असते, पाणी आत घेते, बाहेर टाकते, आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत अन्न अडकून राहतं. पाय तोवर रिकामे नसतात. एका जागी उभं राहून ते गाळ तुडवतात, स्वतःभोवती फिरत फिरत तुडवतात, म्हणजे तळातलं सगळं वर येतं. पाणी अजून उतरलं की रोहितांनी तुडवलेल्या या वाटोळ्या खुणा उघड्या पडतात. मामांनी एका उंचवट्याकडं बोट करून तशा खुणा दाखवल्या.

थव्यात सगळेच गुलाबी नव्हते. पुष्कळसे मळकट पांढरे, पाय करडे. ती गेल्या एक-दोन वर्षांतली पिल्लं. गुलाबी रंग जन्मानं मिळत नाही. खाल्लेल्या शेवाळातली आणि बारीक कवचधारी जिवांतली रंगद्रव्यं पिसांत उतरायला दोन-तीन वर्षं लागतात. भारतातले मोठे रोहित घरटी करतात ती मुख्यतः कच्छच्या मोठ्या रणात, चिखलाचे छोटे बुरूज रचून, एका बुरुजावर एकच अंडं. पक्षितज्ज्ञ सालिम अली 1945 साली त्या वसाहतीपर्यंत पोचले होते. रणात पाऊस नीट झाला नाही तर वीण होत नाही. म्हणजे कच्छचा पाऊस आणि सोलापूरचं आवर्तन, दोन्ही जुळून आलं तर कुंभारगावच्या नावाड्याच्या पोरांची फी भरली जाते.

ऊन वर आलं तसे काही रोहित मान उंच करून एका दिशेनं चालायला लागले. मग दुसरे. सगळा थवा ताठ मानेनं, घाई न करता, एकदम वळला. एवढं शिस्तीचं चालणं मी शाळेच्या कवायतीतही बघितलेलं नाही.

तेवढ्यात मागून दुसरी नाव आली. इंजिन चालू, नावेत सहा-सात जण, हातात लांब नळ्यांचे कॅमेरे. त्यांना उडणारे रोहित हवे होते. बसलेल्या रोहिताचा फोटो सगळ्यांकडं असतो. उडताना पंखांचा लालभडक आणि काळा रंग उघडतो आणि तोच फोटो समाजमाध्यमांवर चालतो. नावाड्यानं नाव सरळ थव्यात घातली. थवा उठला. दृश्य सुंदर होतं हे मी नाकारत नाही. रोहिताला अग्निपंख हे नाव का दिलं असेल ते त्या क्षणी पटतं. रोहित एक मोठं वळण घेऊन पलीकडच्या काठाला उतरले. नाव फिरली आणि तिकडं निघाली. ते पुन्हा उठले.

मामा काही बोलले नाहीत. मीच विचारलं, तुम्ही यांना सांगत का नाही? म्हणाले, "त्यो पोरगा बी आमचाच. गिऱ्हाईक म्हनतंय उडवा, न्हाईतर बक्षिसी न्हाई. त्यानं काय करावं?" मला त्या पोराचा राग येत होता तो तिथं विरला आणि कॅमेरेवाल्यांकडं वळला. पक्षी उडवणं म्हणजे त्याची शक्ती खर्चायला लावणं, आणि तीही नेमकी अशा दिवसांत, जेव्हा त्याला परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. ज्यांना पुस्तकात छापण्याइतके चांगले फोटो काढता येतात त्यांना हे ठाऊक नसतं, यावर माझा विश्वास नाही. आणखी एका नावेतून कुरवांना फरसाण टाकणं चाललं होतं. पक्षी डोक्यावर घिरट्या घालतात, मुलं टाळ्या पिटतात. तळलेल्या बेसनावर कुरवानं सैबेरिया-तिबेटचा पल्ला गाठावा अशी ही अपेक्षा.

आम्ही उलट दिशेला निघालो. मामांना पट्टकादंब दाखवायचे होते. हे हंस मला रोहितांहून जास्त आवडतात, आणि यात माझा पक्षपात आहे असं कुणी म्हटलं तर म्हणो. रंग फिका करडा, डोकं पांढरं आणि मागं दोन काळ्या आडव्या पट्ट्या. दिखाऊपणा काही नाही. पण तिबेटच्या आणि मंगोलियाच्या सरोवरांवर वाढलेला हा पक्षी हिमालय ओलांडून इथं येतो. उपग्रह-यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात तो सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. त्या उंचीवर माणूस दोन पावलं टाकून बसकण मारतो. पट्टकादंबाचं रक्त विरळ हवेतला प्राणवायू जास्त घट्ट पकडतं, फुप्फुसं मोठी असतात, आणि तो शक्यतो रात्री किंवा पहाटे, गार जड हवेत, डोंगराच्या अंगाअंगानं चढतो.

ते पाण्यात नव्हतेच. पाणी मागं हटलेल्या उतारावर हिरवळ उगवली होती, तिच्यावर बसून चरत होते. काही उभे राहून पहारा देत होते. आम्ही नाव लांबच ठेवली. त्यांच्या थव्यात एक अस्वस्थपणा होता. दहा-वीस जण उठायचे, घोगऱ्या आवाजात बोलत एक चक्कर मारायचे आणि पुन्हा उतरायचे. मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून जातात. मामा म्हणाले, "येक दिस सकाळी येतावं तर रान मोकळं. सांगून जात न्हाईत."

त्या हिरवळीच्या वरच्या अंगाला शेतं होती. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत जे पीक घेतात त्याला इथं गाळपेर म्हणतात. ओल जमिनीतच असते, खत गाळातच असतं. हरभरा, मका, कडवळ, कलिंगड, जे साधेल ते. रात्री पट्टकादंब या हरभऱ्यात उतरतात. एक शेतकरी बांधावर उभा होता, त्याला विचारलं तर म्हणाला, खातात की, खातात तर काय करायचं, हाकलायचं. त्याची जास्त काळजी निराळी होती. काठावर ओळीनं मोटारी बसवलेल्या होत्या, आणि पाणी जसं मागं जाईल तसं प्रत्येकाला पाइप आणि केबल वाढवत न्यावी लागते. त्याचा पाइप पुरत नव्हता. रोहितांना हवा असलेला तोच उघडा गाळ याच्या डोक्याला ताप. "तुमचं पाखरू येतंय तवा आमचं पानी जातंय," असं तो म्हणाला, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब होता.

या हिशेबात आम्हा पुणेकरांचीही एक नोंद आहे. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं, या नद्यांतून उजनीत येऊन थांबतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, त्याला वास सुटतो. जलपर्णी वरून वाहत येते, काठावर बेशरम फोफावलेली असते. शेवाळ, अळ्या वाढल्या म्हणजे काही पक्ष्यांचं फावतं, हे खरंच आहे. पण तेच पाणी काठची गावं पितात, त्यातलीच मासळी खातात. शंभर किलोमीटर गाडी मारून पुणेकर निसर्ग बघायला येतात आणि त्यांच्याच न्हाणीघरातलं पाणी दुर्बिणीतून बघतात. नाकाला रुमाल लावण्याचा अधिकार तरी आपण सोडून द्यावा.

परतीच्या वाटेवर एका वाळक्या बाभळीवर कैकर बसलेला दिसला, पंजात मासा. तो खाली वाकून एकेक लचका काढत होता आणि खालच्या फांदीवर एक कावळा आशाळभूतपणे वाट बघत होता. दलदली भोवत्या पाणकणसांवरून खालून खालून फिरत होता आणि त्याच्या पुढं बदकं उठत चालली होती. उघड्या पडलेल्या खडकाळ बेटांवर नदी सुरय आतापासूनच जोडीनं बसलेले. उन्हाळ्यात ते आणि पाणभिंगऱ्या अशाच उघड्या बेटांवर, वाळू-खड्यांत अंडी घालतात. त्या वेळी बेटावर नाव लावून उतरणारा माणूस अंडी तुडवतो आणि त्याला पत्ताही लागत नाही, इतकी ती खड्यांसारखी दिसतात.

दुपारी मामांच्या घरी जेवलो. चिलापीचा रस्सा, तळलेली वांब, ज्वारीची भाकरी, कांदा. चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेतला. आता उजनीत जाळं टाकलं की बहुतेक तोच निघतो. पूर्वीची मासळी कमी झाली, असं मामींनी वाढता वाढता सांगितलं. बारीक आसाची जाळी टाकून लोक पिल्लंसुद्धा ओढून काढतात, त्याला हे घर कंटाळलं आहे. मासा गेला तर पक्षीही जाईल, हे त्यांना कुणी शिबिर घेऊन शिकवलेलं नाही. त्यांच्याकडं दोन्ही धंदे एकाच पाण्यावर चालतात.

उन्हं कलल्यावर भादलवाडीच्या तलावाकडं गेलो. तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत आहे. पिवळी वाकडी चोच, पाठीवर गुलाबी पिसं, आणि एका झाडावर किती घरटी मावतील याला काही नियम नाही. पिल्लांचा गलका रस्त्यापर्यंत येत होता. आईबाप उजनीच्या काठावरून मासे आणतात आणि घरट्यात ओकतात. पिल्लं त्यावर तुटून पडतात. दृश्य काही फार शोभिवंत नाही, वास त्याहून नाही. भाचीनं नाक धरलं आणि तरी तिथून हलायला तयार नव्हती. चित्रबलाक इथलेच असल्यामुळं त्यांना परदेशी पाहुण्यांचा मान मिळत नाही, आणि माझ्या मते भिगवणला येऊन हा तलाव न बघता परतणारे अर्धीच फेरी करून जातात.

सूर्य मावळायच्या आधी भोरड्या आल्या. युरोपच्या पूर्वेपासून मध्य आशियापर्यंत वीण करणारा हा पक्षी पावसाळा सरता सरता आपल्याकडं येतो आणि ज्वारी निसवली की शेतकऱ्याच्या गोफणीला काम देतो. दिवसभर पांगलेले थवे संध्याकाळी रातथाऱ्याला एकत्र येतात. एक थवा आला, दुसरा त्याला मिळाला, तिसरा. उसाच्या फडावर आभाळ काळं झालं, आणि तो काळा पसारा लांबायचा, दुमडायचा, दोन तुकडे व्हायचा, पुन्हा एक व्हायचा. वरून एक बहिरी ससाणा घुसला तेव्हा सगळा थवा आक्रसून गोळा झाला. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर थांबला होता. चालकानं गाणी बंद केली, खाली उतरून विडी पेटवली आणि आमच्याबरोबर उभा राहिला. "रोज बघतो," म्हणाला, "तरी थांबतोच."

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पट्टकादंब हवे असतील तर मार्चचा पहिला आठवडा टाळू नका. रोहित, पाणी आणि ऊन जुळलं तर, एप्रिलपर्यंतही भेटतात. पहाटे पोचा, दहानंतर उन्हात पाणी चकाकतं आणि दुर्बिणीत नुसती झिलई दिसते. भडक कपडे नकोत, फरसाण नको, चिखलाची तयारी हवी. जेवण गावातच घ्या, महामार्गावरच्या हॉटेलात नको. पैसे धरणाच्या काठावर राहिले तर काठाची काळजी घेणारी माणसं तिथं राहतील. आणि नावेत बसल्या बसल्या, इंजिन सुरू व्हायच्या आधी, नावाड्याला स्वच्छ सांगून टाका: थव्याजवळ नेऊ नका, एकही पक्षी उडाला नाही तरी ठरलेले पैसे आणि वरची बक्षिसी पुरी मिळेल.